वायुलहरींची पाणपोई

२०२० सालच्या पावसाळ्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीची कहाणी वृत्तपत्रांतून बरीच गाजली. पशुवैद्यकशास्त्र शिकणारी ही मुलगी टाळेबंदीमुळे गावी अडकली. महाविद्यालयाचे वर्ग मोबाइलवर सुरू झाले, पण घरात मोबाइलला रेंज नव्हती. भावांनी शोधाशोध केली, तेव्हा ती गावाजवळच्या डोंगरावर सापडली. मग तेथेच त्यांनी एक लहानशी झोपडी उभारून दिली आणि कोकणातल्या धुवांधार पावसात ती मुलगी दिवसभर त्या झोपडीत बसून शिकत राहिली. तिच्या जिद्दीचे सर्वत्र कौतुक झाले. ते योग्यच होते. परंतु कौतुकाच्या भरात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. विद्येसाठी मुलीने डोंगर चढायचा, की विद्येनेच डोंगर उतरून घरापर्यंत यायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर आज बहुतेक मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यात कोपऱ्यात लुकलुकत असते. त्या लहानशा पेटीला आपण राउटर म्हणतो आणि ती जे जाळे विणते त्याला वाय-फाय. तांत्रिक भाषेत ते 'बिनतारी स्थानिक जाळे' होय. घरातल्या चार मोबाइलना इंटरनेट पुरविणारी सोय, एवढीच त्याची ओळख आपण करून घेतली आहे. वस्तुतः हे तंत्रज्ञान गावाच्या, शाळेच्या आणि रुग्णालयाच्या उपयोगाचे आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली या बाबतीत स्थिती झाली आहे.

एका आचार्याचा वारसा

या शास्त्राची मुळे शोधू गेल्यास पहिला थांबा कोलकात्याला घ्यावा लागतो. १८९५ मध्ये तेथील टाउन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी तारेविना विद्युतलहरी पाठवून दूरवर ठेवलेली घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. मधल्या भिंती त्या लहरींना अडवू शकल्या नाहीत. बोस ज्या लहरींवर काम करीत होते, त्यांची लांबी काही मिलिमीटर इतकीच होती. शंभराहून अधिक वर्षांनंतर, २०१२ मध्ये, वाय-फायच्या एका अतिवेगवान प्रकाराचे मानक ठरले. त्यातील ६० गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी पाच मिलिमीटर, म्हणजे बोस यांच्या प्रयोगशाळेतील लहरींच्याच कुळातली आहे.

बोस यांना आपल्या शोधांतून धन मिळविण्यात रस नव्हता. सारा बुल यांच्या आग्रहामुळे १९०४ मध्ये अमेरिकेत एक पेटंट त्यांच्या नावे झाले, पण त्याचा व्यापारी उपयोग त्यांनी केला नाही. ज्ञान सर्वांचे, ही त्यांची भूमिका होती. याउलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. तेथील सीएसआयआरओ या शासकीय संशोधन संस्थेत जॉन ओ'सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोलीच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरींचा गोंधळ निस्तरण्याची युक्ती शोधली. ओ'सुलिव्हन मूळचे रेडिओ-खगोलशास्त्राचे अभ्यासक. अंतराळातून येणाऱ्या क्षीण लहरी वेचताना लाभलेला अनुभव येथे कामी आला. १९९६ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले आणि न्यायालयीन लढे देऊन त्या संस्थेने पुढे सुमारे ४३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर वसूल केले. संशोधनातून मिळालेले धन पुन्हा संशोधनासाठी वापरणे, यात कमीपणा नाही. बोस यांची निरिच्छता वंदनीय आहेच, तथापि त्यांच्या देशाने ऑस्ट्रेलियाकडूनही हा धडा घ्यायला हवा.

मधला एक टप्पाही उद्बोधक आहे. १९७१ मध्ये नॉर्मन अब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली हवाई विद्यापीठाने समुद्राने विभागलेल्या बेटांवरील संगणक रेडिओने जोडले. अनेकांनी एकच लहर वापरायची तर संदेशांची टक्कर होणार. त्यावर त्यांनी सोपा उपाय काढला. संदेश पाठवावा, पोहोच आली नाही तर थोडे थांबावे आणि पुन्हा पाठवावा. प्रत्येकाने थांबायचा काळ वेगवेगळा, म्हणून दुसऱ्यांदा टक्कर होण्याचा संभव कमी. पुढच्या पद्धतींनी त्यात 'बोलण्यापूर्वी ऐकावे' या शिस्तीची भर घातली. आजचे वाय-फायही त्याच शिस्तीने चालते. मध्यवर्ती हुकूमदार नसतानाही प्रत्येकाने संयम पाळला की सामाईक गोष्ट सर्वांना पुरते, हे कोणत्याही चांगल्या समाजाला ठाऊक असलेले सूत्र यंत्रांनीही स्वीकारले.

परवान्याची बेडी सुटली

वाय-फायचे खरे वैशिष्ट्य मात्र तंत्रापेक्षा कायद्यात आहे. मोबाइल कंपन्या ज्या लहरी वापरतात, त्या सरकार लिलावात विकते. २०२२ च्या ५जी लिलावात दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. हा पैसा अखेरीस ग्राहकाच्याच बिलातून वसूल होतो. वाय-फायचे तसे नाही. १९८५ मध्ये अमेरिकेने काही पट्टे कमी शक्तीच्या उपकरणांसाठी विनापरवाना खुले केले. या पट्ट्यांत भट्ट्या आणि यंत्रांच्या लहरींचा गोंगाट असल्यामुळे ते जवळजवळ टाकाऊ समजले जात. त्याच टाकाऊ जागेत १९९७ मध्ये वाय-फायचे पहिले मानक जन्मले. त्याचा वेग होता सेकंदाला जेमतेम दोन मेगाबिट. १९९९ मध्ये तो अकरा झाला, २००३ मध्ये चोपन्न, आणि आज घरगुती राउटरही सेकंदाला शेकडो मेगाबिट सहज हाताळतात.

भारतात जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग घराबाहेरील वापरासाठीही खुला झाला. मे २०२५ मध्ये ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी मसुदा नियम प्रसिद्ध झाले. वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले होते. त्या मालमत्तेचा जो तुकडा सामान्य माणसाला कोणाची परवानगी न मागता आणि एक पैसा न देता वापरता येतो, तो हाच. नदीकाठची बरीच जमीन विकली गेली तरी घाट सर्वांसाठी मोकळा राहावा, तसा.

डोंगर, डोळे आणि पालघर

बेडी सुटताच काय घडू शकते, याचे उदाहरण त्याच वर्षी धरमशाला येथे दिसले. २००५ च्या फेब्रुवारीत, नियम बदलल्याच्या पाठोपाठ, तेथे बिनतारी जाळे उभारण्यास आरंभ झाला. बाजारात मिळणारे स्वस्त घरगुती राउटर, त्यांत बदललेली आज्ञावली, वीज नसेल तेथे सौर पट्ट्या, एवढ्या सामग्रीवर हिमालयाच्या उतारावरील शाळा, कार्यालये आणि संस्था जोडल्या गेल्या. अँटेनांना लटकणारी माकडे ही तेथील तंत्रज्ञांची मोठी डोकेदुखी होती. माकडांचे वजन पेलतील अशा अँटेना त्यांना लावाव्या लागल्या. परदेशी पुस्तकात या अडचणीवर उपाय कसा सापडणार? स्थानिक अडचणीला स्थानिक बुद्धीच लागते.

दुसरे उदाहरण तामिळनाडूचे. डॉ. व्यंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराई येथे अवघ्या अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. याच संस्थेच्या थेनी येथील रुग्णालयाने आसपासच्या गावांत नेत्रतपासणी केंद्रे उघडली. केंद्रात प्रशिक्षित भगिनी रुग्णाचे डोळे तपासते आणि गरज पडल्यास रुग्णालयातील डॉक्टर पडद्यावर त्याच्याशी थेट बोलतात. ही गावे जोडण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी साधे वाय-फाय वापरले. ते मुळात खोलीभर अंतरासाठी बनलेले. दहा-पंधरा किलोमीटरवरून पोहोच यायला किंचित अधिक वेळ लागतो, तेवढ्यात यंत्र समजते की संदेश हरवला. संशोधकांनी ही शिस्त दूरच्या अंतराला साजेशी बदलली आणि दिशा धरणाऱ्या अँटेना उंच मनोऱ्यांवर चढविल्या. परिणामी ज्या वृद्धेला केवळ तपासणीसाठी मजुरी बुडवून, सोबत माणूस घेऊन शहर गाठावे लागे, तिची तपासणी गावाजवळ होऊ लागली. तंत्रज्ञानाचा लाभ मोजायचा तर वाचलेल्या अशा खेपांनी मोजावा.

शेजारच्या नेपाळात महावीर पुन या शिक्षकाने म्याग्दी जिल्ह्यातील नांगी या दुर्गम गावापासून हेच काम केले. सुरुवातीच्या अँटेना तर झाडांवर बांधल्या होत्या. त्यांना २००७ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्रही यात मागे नाही. मुंबईच्या आयआयटीत प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्राममार्ग' हा प्रकल्प हाती घेतला आणि पालघर जिल्ह्यातील गावांत तो राबविला. फायबरची तार जेथे संपते तेथून पुढची गावे बिनतारी मार्गाने जोडायची आणि गावात वाय-फायने सेवा पोहोचवायची, असा त्यामागील विचार होता. २०१७ मध्ये मोझिला या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत हा प्रकल्प प्रथम आला. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरील वनवासी पाड्यांसाठी केलेले काम जगाने वाखाणले, पण आपल्या सुशिक्षित घरांतून त्याची किती चर्चा झाली?

'मोबाइल डेटा असताना हे कशाला?'

हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो निराधार नाही. २०१६ नंतर भारतात मोबाइल डेटा अतिशय स्वस्त झाला. मात्र तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, स्वस्ताई कायमची नसते. जुलै २०२४ मध्ये प्रमुख कंपन्यांनी दर लक्षणीय वाढविले. पाच माणसांच्या कुटुंबात पाच वेगळी बिले भरण्यापेक्षा एक फायबर जोडणी आणि तिच्यावरचे वाय-फाय बहुधा परवडते. दुसरी, डेटा विकत घेऊनही रेंज नसेल तर तो व्यर्थ. दगडी वाड्यांत, तळघरातील अभ्यासिकांत आणि डोंगराच्या कुशीतील वस्त्यांत मनोऱ्याची लहर पोहोचत नाही. तेथे जवळचा राउटरच उपयोगी पडतो. भिंती न फोडता आणि तारा न ओढता जुन्या वास्तूत जाळे उभे राहते, हा ग्रंथालयांना व मंदिरांना होणारा लाभ वेगळाच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. स्थानिक जाळे आणि इंटरनेट एक नव्हे. इंटरनेट नसतानाही स्थानिक जाळे चालते. शाळेत तळहाताएवढा संगणक ठेवावा, त्यात बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि मराठी विकिपीडियाची प्रत साठवावी. किविक्स या मोफत आज्ञावलीने ते साधते. त्याला एक राउटर जोडला की वर्गातील मुले आपापल्या टॅबवर ते सर्व वाचू शकतात. मासिक बिल नाही, रेंजची चिंता नाही आणि बाहेरच्या जगातील अनिष्ट गोष्टी मुलांपर्यंत येण्याची वाटही नाही. मुलांच्या हाती इंटरनेट द्यावे की नाही, या द्विधेत सापडलेल्या पालकांना आणि शिक्षकांना हा मधला मार्ग निश्चितच पटेल.

उद्दिष्ट आणि वास्तव

शासनाचे धोरण या बाबतीत दिशाहीन होते असे म्हणता येणार नाही. रेल्वेच्या रेलटेलने गुगलच्या सहकार्याने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून मोफत वाय-फाय सुरू केले. गुगल २०२० मध्ये त्यातून बाहेर पडली, पण रेलटेलने सहा हजारांहून अधिक स्थानकांपर्यंत ही सेवा नेली. एर्नाकुलम स्थानकावरील एका हमालाने ओझी वाहता वाहता याच वाय-फायवर पाठ ऐकले आणि २०१८ मध्ये केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केली. फलाटावरची पाणपोई ज्याची तहान भागविते, त्याला ती जात विचारत नाही वा पगारही विचारत नाही. हीसुद्धा तशीच पाणपोई ठरली.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम-वाणी' योजनेस मान्यता दिली. एकेकाळी जसे नाक्यानाक्यावर पीसीओ होते, तसे चहावाल्याने वा किराणा दुकानदाराने परवाना आणि नोंदणीशुल्काविना सार्वजनिक वाय-फाय द्यावे, अशी ही कल्पना. कल्पना उत्तम, पण २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक केंद्रांचे जे उद्दिष्ट ठेवले होते, त्यापासून आपण फार दूर राहिलो. एक कारण असे की, दुकानदाराकडून कंपन्या मोठ्या व्यावसायिक जोडणीचा दर मागत. चहाच्या टपरीला तो कसा झेपावा? जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आदेश काढून ही अडचण काहीशी दूर केली. दोनशे मेगाबिटपर्यंतच्या जोडणीसाठी घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारता येणार नाही, अशी मर्यादा घातली गेली. भारतनेट योजनेतून दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती फायबरच्या टप्प्यात आल्या आहेत. मात्र पंचायतीच्या कुलूपबंद खोलीत येऊन थांबलेली तार ही धरण बांधून कालवे न काढण्यासारखी आहे. ते कालवे म्हणजे गावातील बिनतारी जाळे. सरकार तार आणू शकते, पण कुलूप उघडणारा माणूस गावातूनच पुढे यावा लागतो.

सावधानता हवीच

मोकळ्या दाराचे धोकेही सांगितले पाहिजेत. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे दहशतवाद्यांनी धमकीचा ई-मेल पाठविला, तो नवी मुंबईतील एका परदेशी नागरिकाच्या घरातील असुरक्षित वाय-फायचा वापर करून. त्या गृहस्थाला त्याची गंधवार्ताही नव्हती, परंतु तपासाच्या चक्रात त्याला सापडावे लागले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना दिल्या. हा धडा आपण विसरता कामा नये. पाणपोई सर्वांसाठी असली तरी रांजणावर झाकण असते आणि ओगराळे धरणारा माणूस जागा असतो.

हे झाकण घालणे कठीण नाही. डब्ल्यूईपी या जुन्या कुलपाची दुर्बलता २००१ मध्येच उघड झाली होती, तरी ते वापरणारी जुनी उपकरणे अद्याप काही ठिकाणी आढळतात. ती बदलून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचे डब्ल्यूपीए संरक्षण निवडावे. राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड बदलावा. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवण्याची सोय बहुतेक राउटरमध्ये असते, ती वापरावी. सार्वजनिक केंद्रावर नोंदणीविना प्रवेश देऊ नये. पीएम-वाणीमध्ये वापरकर्त्याच्या ओळखीची व्यवस्था आहे, हा तिचा गुणच मानावा. सार्वजनिक वाय-फायवर बँकेचे व्यवहार टाळावेत, हे घरातील ज्येष्ठांना आवर्जून सांगावे.

आरोग्याची भीतीही काही घरांतून व्यक्त होते. घरगुती राउटरची शक्ती साधारणतः दशांश वॅटच्या आसपास असते. पूर्वीच्या साध्या दिव्याच्या तुलनेत ती शेकडो पटींनी कमी. या लहरी क्ष-किरणांप्रमाणे पेशींतील रेणू तोडणाऱ्या नसतात. रात्री राउटर बंद ठेवण्याची सवय मात्र अन्य कारणासाठी चांगली आहे. त्या निमित्ताने घर एकमेकांशी बोलते.

आपण काय करावे?

माझ्या इमारतीतील अनुभव सांगतो. बारा घरांत बारा राउटर आणि सायंकाळ झाली की प्रत्येकाची तक्रार, 'नेट फार हळू चालते.' तपासून पाहिले तेव्हा कळले की, आठ जणांचे राउटर एकाच वाहिनीवर बोलत होते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच. पहिली, सहावी आणि अकरावी. एका रविवारी आम्ही चौघे बसलो, वाहिन्या वाटून घेतल्या आणि ज्यांच्याकडे सोय होती त्यांना ५ गिगाहर्ट्झवर हलविले. एक रुपयाही खर्च न होता तक्रार बरीचशी मिटली. पुढच्या महिन्यात आम्ही एका जोडणीची वर्गणी काढली आणि तळमजल्यावरील सभागृहात घरकाम करणाऱ्या भगिनींच्या मुलांसाठी सायंकाळी दोन तासांची अभ्यासिका सुरू केली. तिथला पासवर्ड फळ्यावर लिहिलेला नाही. नोंदवहीत नाव लिहिल्यावर मिळतो. सध्या अकरा मुले नियमित येतात. त्यांतल्या एका मुलीला परिचारिका व्हायचे आहे. घरी तिच्या वाट्याला आईचा फोन रात्री दहानंतर येत असे, तोही डेटा संपलेला.

असे प्रत्येक ठिकाणी करता येण्याजोगे आहे. गावातील कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायतीत फायबरची तार पोहोचली आहे का, ती चालू आहे का, हे विचारावे आणि चालू नसेल तर पाठपुरावा करावा. वाचनालयाच्या विश्वस्तांनी पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक राउटर आणि चार खुर्च्यांची जागा करावी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीतला एक आठवडा एखाद्या वस्तीशाळेत स्थानिक जाळे उभारण्यासाठी द्यावा. वर्षातून दोनदा तेथे जाऊन ते दुरुस्त करण्याची जबाबदारीही घ्यावी. उद्घाटनाच्या फलकाखाली धूळ खात पडलेली यंत्रे आपण पुष्कळ पाहिली आहेत. यंत्र बसविणारे अनेक भेटतात, दुसऱ्या वर्षी त्याची वीजजोडणी तपासायला येणारा विरळा.

आपल्या पूर्वजांनी वाटसरूंसाठी बारवा खोदल्या, धर्मशाळा बांधल्या, वैशाखात पाणपोया घातल्या. त्या घालणारे सारेच काही श्रीमंत नव्हते. आपल्या घरचे पाणी दुसऱ्याला दिल्याने आटत नाही, एवढे त्यांना कळत होते. आपल्या दिवाणखान्यातील पेटी रात्रंदिवस भिंतीपलीकडे लहरी पाठवीत असते आणि त्यांतल्या बहुतेक वापराविना विरून जातात. त्यांच्या टप्प्यात एखादे मूल पुस्तक उघडून वाट पाहत बसलेले असेल. निदान त्याच्यासाठी तरी डोंगर चढण्याची वेळ आपण येऊ देऊ नये.